यूके रक्त भरपाई: रेकॉर्ड मिळत नाही म्हणून अर्ज सोडू नका

एनएचएसमध्ये (यूकेची सरकारी आरोग्यसेवा) चढवलेल्या दूषित रक्तातून किंवा फॅक्टर ८ (हिमोफिलियासाठीचं रक्त गोठवणारं औषध) मधून हेपटायटिस सी, एचआयव्ही झालेल्यांसाठी, आणि त्यांच्या घरच्यांसाठीही.

या दूषित रक्ताची सर ब्रायन लँगस्टाफ यांनी जी चौकशी केली तिचा रिपोर्ट २० मे २०२४ ला आला, पण पैसे तिथून मिळत नाहीत. भरपाई देते ती इन्फेक्टेड ब्लड कॉम्पेन्सेशन अथॉरिटी. वेबसाइटवर नाव नोंदवायचं, फी नाही, पुढे क्लेम मॅनेजर मिळतो आणि वकिलाचा सल्लाही फुकट, तेव्हा टक्केवारी मागणाऱ्या एजंटच्या नादी लागू नका.

माणसं अडकतात ती कागदावर. १९८० च्या दशकात बाळंतपणात रक्त दिलेलं, आता हॉस्पिटल दोन ओळींचं पत्र पाठवतं की रेकॉर्ड नष्ट केलंय, आणि काकू ते वाचून गप्प बसतात. अहो, काही कागद मुद्दाम नष्ट केले गेले हे त्या रिपोर्टातच लिहिलंय, मग त्याची शिक्षा पेशंटला का? इथे शंभर टक्के सिद्ध करावं लागत नाही, 'नसेल' पेक्षा 'असेल' चं पारडं जड हवं, बस. ते पत्र जपून ठेवा, अर्जाला जोडा. जीपीकडे (फॅमिली डॉक्टर) सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट, म्हणजे स्वतःची माहिती मागणारा अर्ज, टाका, पैसे लागत नाहीत, महिन्याभरात उत्तर द्यावं लागतं. नुसत्या कॉम्प्युटरच्या प्रिंटवर समाधान मानू नका, 'लॉइड जॉर्ज' म्हणतात ती जुन्या कागदी रेकॉर्डची तपकिरी पाकिटं मागा, घडी घातलेलं डिस्चार्ज लेटर कधीकधी त्यातच असतं.

उपचार यूकेतल्या एनएचएसचा हवा, भारतात घेतलेलं रक्त यात बसत नाही. हेपटायटिस सी साठी रक्ताची तपासणी सप्टेंबर १९९१ ला सुरू झाली, त्यानंतर रक्त घेतलं असेल तर पुरावा जास्त लागेल.

पेशंट हयात नसेल तर त्याच्या इस्टेटीचा (मागे राहिलेल्या मालमत्तेचा) क्लेम वेगळा आणि जोडीदार, आईवडील, मुलं यांचा स्वतःचा वेगळा. इस्टेटीसाठी प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रानुसार व्यवहार करण्याची कायदेशीर परवानगी, लागतं, मृत्युपत्र नसेल तर तशीच परवानगी देणारं लेटर्स ऑफ ॲडमिनिस्ट्रेशन. 'मी बायको आहे' एवढ्यावर भागत नाही, आणि त्याला महिने जातात, आत्ताच सुरू करा.

३१ मार्च २०२५ ही तारीख वाचून बरेच जण मुदत संपली समजतात. ती भरपाईच्या आधीपासूनच्या, मदतीचे पैसे देणाऱ्या जुन्या सपोर्ट स्कीममध्ये नवीन नाव घेण्याची होती. भरपाईची मुदत ३१ मार्च २०३१ आहे.

आणि आपल्या बायकांसाठी एक: रेकॉर्ड मागताना माहेरचं नावही द्या, स्पेलिंग जसं तेव्हा लिहायचात तसंच. लग्नाचा दाखला मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर सोबत लावा.