शतावरी: मुळी खरी, हार्मोनचा दावा कच्चा

कोल्हापुरात घरात बाळंतीण असली की डिंक, अळीव आणि शतावरी कल्प येतोच. "दूध पुरतंय का गं बाळाला?" असं विचारत आत्याबाई डबा पुढं करतात. आमच्याकडं म्हशीचीही यातून सुटका नाही. जनावरांचं दूध वाढवायच्या पावडरींतही शतावरी असते. आता तीच मुळी 'हार्मोन बॅलन्स'च्या कॅप्सूलमध्ये शिरली आहे. पाळी अनियमित, पीसीओएस (बीजकोशांचा हार्मोनशी जोडलेला त्रास), मेनोपॉज, सगळ्यावर एकच गोळी!

ही सह्याद्रीतली काटेरी वेल. तिची पानं म्हणून दिसतात त्या खरं तर सुईसारख्या बारीक हिरव्या फांद्या. पावसाळ्यात फुटणाऱ्या कोवळ्या कोंबांची भाजी होते. औषधाचा माल जमिनीखाली: दोन्ही टोकांना निमुळत्या, बोटाएवढ्या मुळ्यांचा झुबका. ओल्या मुळीची साल काढली की आतला गर बुळबुळीत लागतो. मधली शीर ओढून काढायची आणि मुळी वाळवायची.

या मुळीत शतावरिन नावाची सॅपोनिन, म्हणजे पाण्यात साबणासारखा फेस करणारी वनस्पतीतली रसायनं, असतात. त्यातल्या शतावरिन-४ चा गाभा म्हणजे सार्सासापोजेनिन, आणि त्याची कार्बनची कडी आपल्या स्टेरॉइड हार्मोनांशी मिळतीजुळती. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ रसेल मार्कर यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस याच सार्सासापोजेनिनवर काम केलं. पुढं मेक्सिकोतल्या रानकंदातल्या डायोसजेनिन या तशाच पदार्थापासून त्यांनी प्रोजेस्टेरॉन हे स्त्री-हार्मोन तयार केलं. "वनस्पतीतून हार्मोन मिळतं" या जाहिरातीचं मूळ इथं सापडतं. पण ते घडलं प्रयोगशाळेत, एकामागून एक रासायनिक क्रिया करून. त्या क्रिया करणारी एन्झाइम माणसाच्या शरीरात नाहीत. नुसती मुळी खाऊन प्रोजेस्टेरॉन बनत नाही.

म्हणून शतावरी निकामी, असंही नाही. प्राण्यांवरच्या प्रयोगांत तिचे इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनसारखे काही परिणाम दिसले आहेत, आणि स्तनाचे काही कॅन्सर इस्ट्रोजेनवर वाढतात. म्हणूनच स्तनाच्या कॅन्सरवर उपचार चालू असलेल्या बाईनं डॉक्टरांना न विचारता ती घेऊ नये. दुधाचं म्हणाल तर चाचण्यांचं एकमत नाही: १९९६च्या भारतीय चाचणीत बाळंतिणींचं प्रोलॅक्टिन (दूध तयार करायला लावणारं हार्मोन) वाढलं नाही, २०११च्या चाचणीत वाढलं. दोन्ही छोट्याच होत्या. बाळानं वरचेवर नीट ओढलं की प्रोलॅक्टिन वाढतं, त्याबद्दल मात्र वाद नाही.

आणि डब्यावरचं बारीक अक्षर वाचा. बाजारातल्या बहुतेक कल्पांत सगळ्यात जास्त असते ती साखर. गरोदरपणात शुगर वाढलेल्या सुनेला रोज दोन-दोन चमचे दुधातून देण्याआधी आत्याबाईंनाही ते एकदा दाखवा.