'स्प्लिंटर सेल' खेळायला बसण्याआधी: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार. सात रस्त्याजवळच्या आपल्या गेमिंग पार्लरमध्ये कोपऱ्यातल्या दोन मशीनवर आता 'स्प्लिंटर सेल' मालिकेतले तीन जुने गेम खेळायला मिळतील: पहिला (२००२), 'पँडोरा टुमॉरो' (२००४) आणि 'केऑस थिअरी' (२००५). काउंटरवर रोज तेच प्रश्न येतात. "अण्णा, गोळ्या लगेच संपालेत की!" "अण्णा, स्क्रीन काळी पडलीय, बघा जरा." स्क्रीन ठीक आहे. हा गेमच अंधारात खेळायचा आहे.

गेमचा नायक सॅम फिशर अमेरिकेच्या नॅशनल सिक्युरिटी एजन्सीतल्या 'थर्ड एशेलॉन' या गुप्त विभागाचा माणूस. एजन्सी खरी आहे, १९५२ पासूनची. थर्ड एशेलॉन मात्र लेखकाच्या डोक्यातून आलेला आहे, तेव्हा त्यावरून पैजा लावू नका. सॅम सापडला तर सरकार त्याला ओळख दाखवणार नाही, ही त्याच्या नोकरीची अट. म्हणूनच इथे बंदूक शेवटी काढायची. पहिल्या गेममध्ये सीआयएच्या मुख्यालयात शिरायची मोहीम आहे आणि तिथे एकालाही जिवे मारायची परवानगी नाही. गोळीबाराच्या गेमची सवय असलेली पोरं नेमकी तिथेच अडकतात.

खरा शत्रू उजेड. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक पट्टी दिसते, तिच्यावरचा काटा तुम्ही किती उजेडात आहात ते सांगतो. काटा अंधाऱ्या टोकाला असेल तर पहारेकरी हाताच्या अंतरावरून निघून जातो, त्याला पत्ता लागत नाही. काटा दुसऱ्या टोकाकडे सरकला की तो थबकतो, "कोण आहे?" म्हणतो आणि शोधायला येतो. पिस्तुलाने बल्ब फोडता येतो, जवळ बटण असेल तर तेही दाबता येतं. आम्ही बटणाच्या बाजूचे. गोळी वाचते.

सॅमच्या डोक्यावरच्या तीन हिरव्या दिव्यांच्या चष्म्याने काळोखातही दिसतं. पण तो घातला की सगळंच हिरवं आणि लख्ख दिसतं, सावली कुठे संपली ते कळत नाही, आणि माणूस चालत चालत थेट दिव्याखाली जाऊन उभा राहतो. चष्मा घातल्यावर नजर पट्टीवरच हवी. मॉनिटरचा ब्राइटनेस वाढवूनही फायदा नाही: तुम्हाला जास्त दिसेल, पहारेकऱ्याला तेवढंच दिसेल. शिवाय पुढच्या ग्राहकाला सेटिंग बदलत बसावं लागतं. कृपया हात लावू नका.

दुसरा शत्रू आवाज. माऊसचं चाक फिरवलं की सॅमची चाल कमी-जास्त होते. पहारेकऱ्याच्या पाठीमागे जाताना चाक अगदी खाली आणा आणि घाई विसरा. 'केऑस थिअरी'त आवाजाचीही पट्टी आहे. भोवती किती गोंगाट आहे ते ती दाखवते, म्हणजे यंत्राची घरघर किंवा ढगांचा गडगडाट चालू असताना बिनधास्त सरकता येतं. हेडफोन लावूनच बसा, काउंटरवर मागा. यंत्रमागाच्या खडखडाटात बोलायची सवय असलेल्या आपल्या गावाला हे वेगळं शिकवायला नको.

बेशुद्ध केलेला पहारेकरी उजेडात टाकून पुढे जाऊ नका. दुसऱ्याने पाहिला की अलार्म. पहिल्या गेममधल्या बऱ्याच मोहिमा तिसऱ्या अलार्मला संपतात. 'केऑस थिअरी'त मोहीम संपत नाही, पण पहारेकरी चिलखत आणि हेल्मेट चढवून येतात, ते जास्त त्रासाचं. त्याच गेममध्ये दोघांनी मिळून खेळायच्या वेगळ्या मोहिमा आहेत, एकाच्या खांद्यावर दुसरा चढतो वगैरे. आपली दोन्ही मशीन त्यासाठीच शेजारी ठेवलीत. जोडीने येणार असाल तर आधी सांगून ठेवा.

"घरी टाकला तर नीट चालत नाही" अशी तक्रार बरेच जण करतात, आणि ती रास्त आहे. या गेममधल्या सावल्या त्या काळच्या ग्राफिक्स कार्डांच्या पद्धतीने काढल्या आहेत. नव्या कार्डांना ती पद्धत झेपत नाही. 'पँडोरा टुमॉरो'त तर झोताचे दिवे दिसतच नाहीत, पण पहारेकऱ्याच्या हिशेबी ते चालू असतात, मग कुठून पकडले गेलो तेच कळत नाही. त्यावर 'डीजीवूडू' नावाचं छोटं सॉफ्टवेअर चालतं. तुमची मूळ डिस्क किंवा विकत घेतलेला गेम असेल तर कॉम्प्युटर घेऊन या, आम्ही बसवून देऊ. चोरीच्या कॉपीवर काम करत नाही, आग्रह करू नये.

पालकांसाठी: पहिल्या गेमला अमेरिकेत 'टीन', म्हणजे १३ वर्षांपुढच्यांसाठी असा दर्जा आहे. २०१० चा 'कन्व्हिक्शन' आणि २०१३ चा 'ब्लॅकलिस्ट' १७ च्या पुढच्यांसाठी आहेत. ते दोन्ही आम्ही ठेवलेले नाहीत.

लाईट गेली तर इन्व्हर्टर आहे, पण तो थोडाच वेळ पुरतो. पंखे बंद झालेले दिसले की आधी सेव्ह करा, मग आरडाओरडा करा. दर काउंटरवरच्या फलकावर लिहिलेत.