मे महिन्यातला पाऊस: वळीव कुठला आणि मान्सून कुठला?

कोल्हापूरच्या मे महिन्याच्या जुन्या पावसाच्या नोंदी बघताना फसायला फार वेळ लागत नाही. महिन्याच्या शेवटी मिलिमीटरचा एकच आकडा लिहिलेला असतो. त्या आकड्यात वळीव किती आणि मान्सून किती, हे कळायला मार्ग नसतो. बहुतेक वर्षी त्यानं बिघडत नाही, कारण मान्सून कोल्हापुरात जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येतो आणि मे महिना वळवाचाच असतो. पण २०२५ सारखं वर्ष आलं की सगळा हिशेब विस्कटतो.

त्या वर्षी २४ मे रोजी मान्सून केरळात पोहोचला. तिथली नेहमीची तारीख १ जून. दुसऱ्या दिवशी तो देवगड-बेळगावपर्यंत आला आणि २६ मे रोजी मुंबई-पुण्यात. म्हणजे रोहिणी नक्षत्र लागतंय न लागतंय तोवर कोल्हापूर मान्सूनखाली होतं. मिरगाची वाट बघायची वेळच आली नाही. तरीही हवामान खात्याच्या वहीत तो पाऊस ‘पूर्वमोसमी’ रकान्यात गेला. कारण साधं आहे. खात्याचा हंगाम तारखेनं बदलतो, वाऱ्यानं नाही. १ मार्च ते ३१ मे पूर्वमोसमी, १ जून ते ३० सप्टेंबर मोसमी. त्यामुळे ‘यंदा वळवानं उच्चांक गाठला’ असा मथळा दिसला की मी आधी विचारतो, नक्की वळवानंच का?

उलटीही गंमत आहे. पावसाचं मोजमाप सकाळी साडेआठला होतं आणि आधीच्या चोवीस तासांचा पाऊस त्या सकाळच्या तारखेवर लिहिला जातो. ३१ मेच्या संध्याकाळी रंकाळा तलावावर गडगडाट करून गेलेला अस्सल वळीव १ जूनच्या नोंदीत, म्हणजे मान्सूनच्या बेरजेत जाऊन बसतो.

मग ओळखायचं कसं? आभाळाकडे बघून तर कुणालाही ओळखता येतं. सकाळपासून अंगाची काहिली, दुपारी तीन-चारनंतर ढग चढणार, धुळीची वावटळ, विजा, कधी गारा आणि तासाभरात सगळं मोकळं, असा वळीव. कोल्हापुरातच राजारामपुरीत रस्त्यावरून पाणी वाहतं तेव्हा कसबा बावड्यात धूळही बसलेली नसते. जमीन तापून हवा वर उसळते, तिला समुद्राकडचं बाष्प मिळालं की दहा-बारा किलोमीटर उंचीचे ढग उभे राहतात आणि एखाद्या पट्ट्यावर रिकामे होतात. मान्सूनचं तसं नाही. नैर्ऋत्येचे वारे सह्याद्रीवर आदळतात, ढग त्या मानानं बुटके, विजा कमी आणि रिपरिप दिवसरात्र.

खरी अडचण जुन्या वहीत येते, तिथं ना वीज दिसते ना वाऱ्याची दिशा. तरी दोन-तीन खुणा सापडतात. पहिली, पावसाळी दिवसांची संख्या. २.५ मिमी किंवा अधिक पाऊस झाला तरच तो पावसाळी दिवस धरतात. महिन्याचे समजा ९० मिमी तीन दिवसांत पडले असतील तर वळीव. ओळीनं दहा-बारा दिवस थोडं थोडं पडत आले असतील तर मान्सूनची शंका घ्यावी. दुसरी खूण मला जास्त भरवशाची वाटते, ती तापमानाची. वळवाच्या दिवशी दुपारपर्यंत पारा चढलेलाच असतो, त्यामुळे कमाल तापमान उंच आणि पाऊसही भरपूर, असं एकाच दिवशी दिसतं. मान्सून बसला की पारा दुपारीही चढत नाही. कमाल आणि किमान यांतलं अंतर पाच-सहा अंशांवर येतं. (एप्रिलपेक्षा मे इथं जरा सौम्य निघतो, तो समुद्रावरच्या वाऱ्यामुळे आणि वळवामुळे. विदर्भातल्या माणसाला हे पटत नाही.)

तिसरी खूण तालुक्यांच्या आकड्यांत. मान्सूनचा पाऊस पश्चिमेला घाटातल्या गगनबावड्याला सर्वाधिक आणि पूर्वेच्या शिरोळकडे उतरत जाणारा. वळवाला असा उतार नसतो. एखाद्या दिवशी गगनबावडा कोरडा आणि शिरोळ चिंब.

मधेच चक्रीवादळ आलं तर या खुणा फसतात. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ कोकण किनाऱ्याजवळून गुजरातकडे गेलं. तशा वादळाचा पाऊस ओळीनं दिवसभर पडतो, पश्चिमेला जास्त पडतो, पाराही उतरवतो. पण तो वळीवही नव्हे आणि मान्सूनही नव्हे. अशा तारखा बाजूला काढूनच बेरीज करावी.

शेतकऱ्याला हा फरक वहीपेक्षा आधी लागतो. वळवानं नांगरटीला ओल मिळते, मग दोन-चार दिवस ऊन पडून वाफसा येतो, म्हणजे माती मशागतीजोगी ओलसर होते, मशागत होते आणि पश्चिमेकडच्या तालुक्यांत भाताची धूळवाफ पेरणी, म्हणजे मान्सूनआधीच भुसभुशीत मातीत केलेली पेरणी, साधते. मान्सूनच मेमध्ये येऊन बसला तर वाफसाच येत नाही, कुरी (पेरणीचं औजार) चालत नाही, रोप टाकून लावण करावी लागते. शिवाय २०२५ मध्ये मान्सूनची वाटचाल मेअखेरीस थांबली ती जूनच्या मध्यापर्यंत. त्या वर्षीच्या नोंदी वाचताना मे आणि जून असे महिने तोडून न वाचता १५ मे ते १५ जून असा सलग पट्टा घ्यावा. कुठली ओल कुठल्या पावसाची, ते त्यात नीट दिसतं.