आधी अंदाज, मग नजर: कॉर्टेक्सविषयीच्या एका कल्पनेची पार्श्वभूमी

एक डोळा मिटा आणि दुसऱ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याला पापणीवरून बोटाने अगदी हलकेच दाबा. समोरची भिंत हलताना दिसते. आता बोट काढून तोच डोळा इकडेतिकडे फिरवा. दृष्टिपटलावरचं चित्र याही वेळी सरकतं, पण भिंत जागच्या जागी राहते. जर्मन शास्त्रज्ञ हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी या फरकाचा खोलवर विचार केला. डोळा आपण फिरवतो तेव्हा स्नायूंना हुकूम मेंदूनेच सोडलेला असतो, म्हणून चित्र किती सरकणार हे तो धरूनच चालतो. बोटाने दाबताना डोळ्याच्या स्नायूंना असा हुकूम गेलेलाच नसतो. पाहणं हे नकळत काढलेलं अनुमान असतं, असं त्यांनी १८६७ मध्ये पूर्ण झालेल्या आपल्या ग्रंथात मांडलं. कॉर्टेक्स सतत भाकितं करतो, हा आजचा विचार त्याच वाटेने आला आहे.

मधली शंभरएक वर्षं मात्र संशोधनाचा भर दुसरीकडे होता. कॉर्टेक्स म्हणजे मेंदूवरचं घड्या पडलेलं आवरण. जाडी दोन ते चार मिलिमीटर, थर बहुतेक ठिकाणी सहा, आणि माणसात सुमारे १६ अब्ज चेतापेशी. १९०९ मध्ये कॉर्बिनियन ब्रॉडमन यांनी पेशींच्या रचनेवरून त्याचा नकाशा काढला. १९५७ मध्ये व्हर्नन माउंटकॅसल यांना मांजराच्या कॉर्टेक्समध्ये दिसलं की वरपासून खालपर्यंत एका उभ्या स्तंभातल्या पेशी एकाच प्रकारच्या स्पर्शाला दाद देतात.

पुढच्याच वर्षी बाल्टिमोरमध्ये डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टेन वीझेल मांजराला काचपट्टीवरचे ठिपके दाखवत होते. त्याच्या कॉर्टेक्समधली ज्या पेशीचे संकेत ते टिपत होते, ती ढिम्म. पट्टी यंत्रात सरकवताना तिच्या कडेची पुसट सावली पडद्यावरून गेली आणि पेशी एकदम तडतडू लागली. तिला ठिपका नको होता, विशिष्ट कोनातली रेघ हवी होती. या कामाला १९८१ चं नोबेल मिळालं, ते योग्यच होतं. पण त्यातून मनात ठसलेलं चित्र एकेरी होतं: डोळ्यातून माहिती निघते, टप्प्याटप्प्याने वर चढते आणि शेवटी वस्तू ओळखली जाते.

मला ते चित्र अर्धंच वाटतं, कारण उलट दिशेने येणारे तंतूही तितकेच खरे आहेत. १९७९ मध्ये कॅथलीन रॉकलंड आणि दीपक पंड्या यांनी माकडाच्या मेंदूत दाखवलं की वर जाणारे तंतू प्रामुख्याने चौथ्या थरात उतरतात, तर परतीचे तंतू तो थर टाळतात. थॅलॅमस म्हणजे मेंदूच्या मध्यभागातलं, इंद्रियांची खबर कॉर्टेक्सकडे धाडणारं केंद्र. त्यातल्या ज्या पेशी दृष्टीची खबर कॉर्टेक्सकडे पोचवतात, त्यांच्यावरच्या जोडण्यांपैकी जेमतेम दहा टक्के दृष्टिपटलाकडून येतात. खुद्द कॉर्टेक्सकडून त्यांच्यावर येणाऱ्या जोडण्या त्याहून कितीतरी जास्त आहेत. ही एवढी परतीची वाहतूक कशासाठी?

उत्तराची भाषा दूरसंचारातून आली. १९५० च्या दशकात अभियंत्यांनी एक युक्ती काढली होती: पुढचा संदेश आधीच्यावरून ताडायचा आणि अंदाज जितका चुकेल तितकाच फरक पाठवायचा. बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या टेलिफोन कंपनीच्या संशोधन संस्थेत बिष्णू अटल यांनी ती आवाजासाठी वापरली. १९८२ मध्ये मंड्यम श्रीनिवासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दृष्टिपटलही असंच काम करतं, असं मांडलं. शेजारच्या भागावरून ताडता येणारा उजेड वजा करायचा, उरेल ते पुढे धाडायचं.

१९९९ मध्ये राजेश राव आणि डेना बॅलर्ड यांनी हाच हिशेब कॉर्टेक्सला लावला. वरचा टप्पा खालच्याला अंदाज पाठवतो, खालचा टप्पा फक्त चूक वर कळवतो. ह्यूबेल आणि वीझेल यांना एक कोडं पडलं होतं: काही पेशी आखूड रेघेला जोरात दाद देतात, पण तीच रेघ लांबवली की गप्प होतात. राव-बॅलर्ड यांच्या संगणकी प्रतिकृतीने निसर्गातली छायाचित्रं पाहिली, तेव्हा तिच्यातल्या पेशीही तशाच वागू लागल्या. निसर्गात रेघा सहसा लांब असतात. लांब रेघ आली की अंदाज बरोबर ठरतो, कळवायला काही उरत नाही. आखूड रेघ मध्येच तुटते, आणि ती चूक वर कळवावी लागते. इतक्या साध्या नियमातून इतकं जुनं कोडं सुटावं, हे मला आजही विलक्षण वाटतं.

तरीही अशी शांतता शेजारच्या पेशींनी दाबून धरल्यामुळेही येऊ शकते, हा आक्षेप रास्त होता. म्हणून २०१२ मधला गेओर्ग केलर आणि सहकाऱ्यांचा प्रयोग महत्त्वाचा. उंदीर गोळ्यावर धावतो आणि समोरच्या पडद्यावरचं दृश्य त्याच्या वेगाने मागे सरकतं. दृश्य क्षणभर थांबवलं, उंदीर मात्र धावतच राहिला, की कॉर्टेक्समधल्या दृष्टीच्या पहिल्याच भागातल्या काही पेशी जोरात पेटतात. पडद्यावर नवं काहीच आलेलं नसतं, जे सरकायला हवं होतं ते सरकलेलं नसतं. अंदाज वाहणाऱ्या आणि चूक मोजणाऱ्या पेशी कॉर्टेक्सच्या सहा थरांत खरोखर वेगवेगळ्या आहेत का, यावर सध्या प्रयोगशाळांमध्ये वाद चालू आहे.