लॅपटॉपच्या पोटातली घोंगडी

मेव्हण्याचा फोन आला तो तक्रार घेऊनच. "दाजी, ह्यो लॅपटॉप हिशोबाला दिलाय का चहा उकळायला, तेच कळंना झालंय." तो कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, हिशोब आणि डिस्पॅच सांभाळतो. लॅपटॉप २०१५ सालचा. दहा मिनिटं चालला की पंखा बोंबलायला लागायचा, मग एक्सेलची साधी शीट उघडायला मिनिटभर लागायचं, आणि दुपारी तीनच्या सुमाराला स्वारी आपोआप बंद. एका दुकानदारानं "मदरबोर्ड गेलाय, नवीन घ्या" असं सांगूनही टाकलं होतं. न उघडता. मला शंका आली ती तिथंच.

रविवारी सकाळी टेबलावर जुनं वर्तमानपत्र अंथरलं, लॅपटॉप पालथा घातला आणि कामाला लागलो. नववीतली पोरगी शेजारी येऊन बसली. पहिलं काम तिला दिलं: जाड पुठ्ठ्यावर लॅपटॉपच्या पाठीचं चित्र काढायचं आणि निघेल तो स्क्रू चित्रात त्याच जागी टोचायचा. हा नुसता टापटिपीचा सोस नाही. सगळे स्क्रू दिसायला सारखे असले तरी लांबी वेगवेगळी असते, आणि आखूड स्क्रूच्या भोकात लांब स्क्रू पिळला तर तो थेट मदरबोर्डात घुसू शकतो. स्क्रू निघाल्यावर कडेच्या खाचांमध्ये जुनं एटीएम कार्ड सरकवत गेलो. कटकट आवाज करत खालचं झाकण सुटलं.

"एवढंच?" पोरगी म्हणाली.

तिची निराशा रास्त होती. कॉम्प्युटर म्हणावा असा हिरवा बोर्ड, म्हणजे मदरबोर्ड, जेमतेम एक तृतीयांश जागेत. बाकी काळ्या पाकिटासारखी बॅटरी, एक चपटा पंखा, त्याला जोडलेली तांब्याची नळी आणि एका कोपऱ्यात हार्ड डिस्क. प्रत्यक्ष आकडेमोड करणारा तुकडा, म्हणजे प्रोसेसर, तर करंगळीच्या नखाएवढा. लॅपटॉप उघडून बघणाऱ्याला पहिली गोष्ट कळते ती हीच: त्यातली बहुतेक जागा डोक्याला नाही, पोटाला आणि घामाला दिलेली आहे. वीज साठवायची आणि उष्णता बाहेर टाकायची, यातच जागेचा जीव जातो.

बॅटरीची पिन सगळ्यांत आधी काढायची. बाकी कशालाही हात नंतर. २०१९ च्या महापुरात पाणी शिरलेले कितीतरी लॅपटॉप लोकांनी उन्हात वाळवले आणि चार्जर लावून बघितले. पुराच्या पाण्यात क्षार आणि गाळ असतो, त्यामुळे ते वीज वाहून नेतं. बॅटरी जोडलेली असली की ओल्या बोर्डावर शाळेतल्या प्रयोगासारखं विद्युत अपघटन सुरू होतं आणि केसाएवढ्या तांब्याच्या रेघा विरघळायला लागतात. पाण्यानं जेवढं बिघडतं, त्याहून जास्त पाणी आणि वीज एकत्र आल्यानं बिघडतं.

या बॅटरीवर ४० वॉट-तास असं छापलं होतं. हा आकडा असा वाचून काही कळत नाही, म्हणून हिशोब केला. पन्हाळा आजूबाजूच्या सपाटीपासून साधारण ४०० मीटर उंच आहे. गुळाचा ३० किलोचा रवा, म्हणजे ढेप, एवढा वर उचलायला सुमारे ३३ वॉट-तास लागतात. म्हणजे त्या पातळ पाकिटात रवा पन्हाळ्यावर चढवण्याइतकी ऊर्जा कोंबलेली असते, वर थोडी उरतेही. लिथियम-आयन बॅटरी १९९१ साली बाजारात आली, आणि तिच्यामागच्या संशोधनाला रसायनशास्त्राचं नोबेल मिळायला २०१९ उजाडलं. ते मिळालेल्या तिघांपैकी जॉन गुडइनफ यांचं वय तेव्हा ९७ होतं. म्हणूनच बॅटरी फुगलेली दिसली तर स्क्रूड्रायव्हरनं उचकटायच्या भानगडीत कुणी पडू नये. आत वायू झालेला असतो, आणि एक भोक पडलं तर रवा पन्हाळ्याऐवजी टेबलावरच पेटेल.

आता मुख्य आरोपी. पंख्याचे तीन स्क्रू काढले आणि तो उचलला. पंखा आणि तांब्याच्या पातळ पात्यांची जाळी यांच्यामध्ये राखाडी-काळ्या रंगाची एक पट्टी होती. चिमट्यानं ओढली तर अख्खी निघाली. घोंगडीचा कापलेला काठच जणू. कपड्यांचे तंतू, केस आणि धूळ यांवर पंख्याची हवा वर्षानुवर्षं आपटत राहिली की त्याचा असा नमदा बनतो. वारा बाहेर पडायची वाटच बंद. पंखा बिचारा भिंतीवर फुंकर मारत होता.

घरातल्या लॅपटॉपमध्येही असा नमदा सापडतो, पण तो हलका आणि करडा असतो. हा काळा होता आणि हाताला जड लागत होता. पोरगी फ्रीजवरचा लोहचुंबक घेऊन आली. कागदाच्या खालून फिरवला तर धुळीतले बारीक कण उभे राहून चुंबकामागं चालायला लागले. फाउंड्रीत कास्टिंग साच्यातून निघालं की त्याच्या कडा ग्राइंडरनं घासतात, त्याला फेटलिंग म्हणतात. त्यातून उडालेलं लोखंड ऑफिसच्या दारातून, खिडकीतून आत येतं आणि लॅपटॉपचा पंखा ते इमानदारीनं आत ओढून घेतो. हे नुसतं घाण दिसतं म्हणून वाईट नाही. लोखंडातून वीज जाते. चिपच्या दोन पायांतलं अंतर मिलिमीटरहूनही कमी असतं, आणि त्यात असा एखादा कण आडवा पडला की शॉर्ट. बिड लोखंडात ग्राफाइटही असतं, तेही वाहकच.

उरलेली धूळ चुंबकाला दाद देत नव्हती. ती साच्याची वाळू आणि तिच्यात मिसळलेली कोळशाची भुकटी. त्या वाळूकडं बघून मला हसू आलं, कारण तिची सख्खी बहीण त्याच बोर्डावर बसली होती. साच्याची वाळू म्हणजे मुख्यतः सिलिका, सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं संयुग. चिपचं सिलिकॉनही सिलिकापासूनच काढतात. त्यासाठी शुद्ध क्वार्ट्झ निवडतात, कोळशाबरोबर भट्टीत तापवून ऑक्सिजन काढून टाकतात, आणि मग धातू इतका शुद्ध करतात की अब्जात एखादा परका अणू उरावा. शिरोलीत बिड ओततात ते साधारण १४०० अंशाला. सिलिकॉन वितळतं १४१४ अंशाला. म्हणजे भट्टीचा ताव जवळपास तोच.

पुढची पद्धत मात्र अगदी उलटी. फाउंड्रीत रस ओततात, चिपवाले तो ओढतात. ओतलेला रस साच्यात एकाच वेळी अनेक ठिकाणी गोठायला लागतो, त्यामुळे तुटलेल्या कास्टिंगमध्ये वेगवेगळ्या स्फटिकांचे दाणे दिसतात. पाइपचं बेंड किंवा पंपाची बॉडी बनवायची तर दाणे चालतात. पण दोन दाण्यांच्या शिवेवर इलेक्ट्रॉन अडखळतो, म्हणून ट्रान्झिस्टरला, म्हणजे चिपमधल्या विजेच्या सूक्ष्म स्विचला, अख्खा एकच स्फटिक लागतो. त्यासाठी वितळलेल्या सिलिकॉनला स्फटिकाचा छोटा तुकडा टेकवून तो गोल फिरवत हळूहळू वर ओढतात, आणि मागोमाग त्याच रचनेचा दांडा तयार होत येतो. ही युक्ती पोलंडच्या यान चोखराल्स्की यांना १९१६ साली सापडली. लिहिता लिहिता त्यांनी टाक दौतीऐवजी वितळलेल्या कथलात बुडवला आणि बाहेर काढला तर टोकाला धातूचा तंतू लोंबत होता, असं सांगतात. त्या दांड्याच्या पातळ चकत्या कापतात आणि एकेका चकतीवर शेकडो चिप घडवतात.

या लॅपटॉपमधला प्रोसेसर इंटेलच्या पाचव्या पिढीचा, दोन कोअरचा. क्षेत्रफळ ८२ चौरस मिलिमीटर आणि त्यात १३० कोटी ट्रान्झिस्टर. इंटेलच्या १९७१ सालच्या पहिल्या मायक्रोप्रोसेसरमध्ये ते २३०० होते. हे आकडे ऐकून लोक माना डोलावतात आणि विसरतात. मला त्याहून नवल वाटतं ते उष्णतेचं. हा प्रोसेसर सतत काम करताना साधारण १५ वॉट खातो आणि त्यातली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. बेरीज-वजाबाकी करून उरलेली नव्हे, बेरीज-वजाबाकी करताना खर्च झालेलीच. १५ वॉट म्हणजे काहीच नाही, एखाद्या एलईडी बल्बइतके. पण ते निघतात एवढ्याशा तुकड्यातून. दर चौरस सेंटीमीटरला सुमारे १८ वॉट. १००० वॉटच्या इस्त्रीचा तळ २०० चौरस सेंटीमीटर धरला तर तिथं ५ वॉट येतात. इस्त्रीच्या तिपटीहून जास्त! शिवाय प्रोसेसर चालतो जेमतेम एक व्होल्टवर, म्हणजे १५ वॉटसाठी सुमारे १५ अँपिअर प्रवाह. गिझरच्या १६ अँपिअरच्या सॉकेटची आठवण व्हावी एवढा प्रवाह नखाएवढ्या जागेत.

एवढी उष्णता पंख्यापर्यंत न्यायचं काम ती तांब्याची चपटी नळी करते. नळी भरीव तांब्याची असावी असं वाटतं, पण ती पोकळ असते. आतली हवा काढून थोडंसं पाणी घालून तोंड बंद केलेलं असतं. हवा नसल्यानं पाण्याला उकळायला शंभर अंश लागत नाहीत. चिपच्या टोकाला त्याची वाफ होते, ती वाफ थंड टोकाला धावते, पात्यांना उष्णता देऊन पुन्हा पाणी होते, आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून समईच्या वातीत तेल चढावं तसं परत गरम टोकाला येतं. ना पंप, ना मोटर. अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत जॉर्ज ग्रोव्हर यांनी १९६३ साली अशी नळी बनवून दाखवली, आणि पुढं ती उपग्रहांत गेली.

माझ्याकडं एका मेलेल्या लॅपटॉपची सुटी नळी होती. पोरीच्या एका हातात ती दिली, दुसऱ्या हातात तेवढ्याच लांबीची जाड तांब्याची तार, आणि दोन्हींची टोकं गरम पाण्याच्या भांड्यात एकदम बुडवायला सांगितली. "आई गं!" म्हणून तिनं नळी लगेच सोडली. तार अजून हातातच होती, कोमट व्हायचीही बाकी.

प्रोसेसरवरची जुनी थर्मल पेस्ट वाळून चुन्यासारखी झाली होती. दोन गुळगुळीत धातू एकमेकांवर ठेवले तरी मध्ये बारीक फटी उरतात आणि त्यात हवा बसते. हवा तांब्याच्या तुलनेत हजारो पट वाईट उष्णतावाहक आहे. तिला हुसकून लावणं एवढंच पेस्टचं काम. म्हणून मुगाच्या डाळीएवढी पेस्ट पुरते. यूट्यूबवर बघून पोळीला तूप लावल्यासारखी थापणारे असतात, त्यांच्यापासून सांभाळा.

नमदा अडकला, पेस्ट वाळली, की चिपचं तापमान शंभरीकडं जातं. मग ती जीव वाचवायला स्वतःच वेग कमी करते. एक्सेल रेंगाळायचं ते त्यामुळं. तरीही भागलं नाही तर सगळं बंद. दुपारी तीनला, कारण तेव्हा ऑफिसचा पत्राही तापलेला असतो. मदरबोर्ड गेला नव्हता, उलट शहाण्यासारखा वागत होता.

बाकीचं भराभर उरकलं. रॅमच्या पट्टीवर सोन्याचा मुलामा दिलेले पाय असतात, गंजू नयेत म्हणून. खोडरबरानं पुसण्याची चाल आहे, पण मुलामा इतका पातळ असतो की मी हलक्या हातानं कापडानंच पुसतो. कीबोर्डच्या खालच्या प्लॅस्टिकवर चांदीच्या शाईनं रेघा छापलेल्या असतात. पोरीची आजी चांदीच्या दागिन्यांच्या हुपरीची, त्यामुळं "ह्यात पैंजण किती निघतील?" हा प्रश्न आला. एकही नाही. हार्ड डिस्क मी उघडली नाही. आतली तबकडी सेकंदाला ९० फेरे मारते, कडेला वेग ताशी ६६ किलोमीटरच्या आसपास, आणि वाचणारा हेड तिच्यापासून काही नॅनोमीटरवर तरंगतो. धुळीचा एक कण त्याच्यासाठी रस्त्यात आडवी झालेली म्हैस. फाउंड्रीत साचे हलवून फोडतात, त्या शेकआउटच्या हादऱ्यांत ही डिस्क इतकी वर्षं टिकली कशी, हेच नवल. मेव्हण्याला निरोप दिला, आधी बॅकअप घे आणि एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली डिस्क, बसव.

संध्याकाळी सगळे स्क्रू पुठ्ठ्यावरून परत आपापल्या जागी गेले. पंख्याचा आवाज नाही, तापमान सत्तरच्या खाली. मेव्हणा खूश होऊन लॅपटॉप घेऊन गेला आणि सोमवारी दहा वाजता पुन्हा फोन. "दाजी, तापत न्हाई, पळतंय बी झकास, पण जीएसटीची साइट उघडंना. कुठलीच साइट उघडंना."

"कोपऱ्यात तारीख काय दिसते?"

"एक जानेवारी दोन हजार पंधरा."

चूक माझी होती. बोर्डावर नाण्याएवढा एक तीन व्होल्टचा सेल असतो. लॅपटॉप बंद असताना घड्याळ त्यावर चालतं. क्वार्ट्झचा एक तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, आणि ही संख्या १५ वेळा निम्मी केली की बरोबर १ उरतो. तोच सेकंद. सेल कधीचा संपलेला होता, मोठी बॅटरीच त्याचं काम ओढत होती. मी ती काढली आणि घड्याळ पुसलं गेलं. वेबसाइटचं सुरक्षा प्रमाणपत्र अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत चालतं, आणि २०१५ मधल्या लॅपटॉपला ते भविष्यातलं, म्हणून खोटं वाटलं. जीएसटी तर लागू झाला १ जुलै २०१७ ला.

"म्हणजे ह्याच्या हिशोबानं आपल्याला अजून रिटर्न भरायचाच न्हाई?" मेव्हणा म्हणाला. "मग ऱ्हाऊ दे की असंच."