वाहन अपघातातील दुखापत

वाहन अपघातातील दुखापत : वाहन आदळल्याने, उलटल्याने किंवा त्याची धडक बसल्याने शरीराला सोसवणार नाही एवढी ऊर्जा त्यात शिरते, त्यातून होणाऱ्या जखमा, अस्थिभंग आणि अंतर्गत इजा. आपण सहसा वेगाला दोष देतो. पण ताशी ८०० किमी.हून अधिक वेगाने जाणाऱ्या विमानात माणसे निवांत झोपतात. इजा होते ती थांबताना, आणि ती किती होईल हे शरीर किती अंतरात थांबले यावर ठरते.

वेग दुप्पट झाला की गतिज ऊर्जा चौपट होते. ताशी ५० किमी. वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे १० मी. उंचीवरून, तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणे. गाडीचा पुढचा भाग चेपला, सीटबेल्टने शरीर धरून ठेवले आणि ते ६० सेंमी. अंतरात थांबले, तर त्यावर स्वतःच्या वजनाच्या सरासरी १६ पट बल येते. तेच शरीर मोकळे सुटून डॅशबोर्डवर ५ सेंमी.मध्ये थांबले, तर बल जवळजवळ २०० पट होते. माणूस तोच, वेगही तोच. जगण्यामरण्याचा फरक या ५५ सेंमी.मध्ये आहे.

एका अपघातात खरे तर तीन धडका होतात. पहिली वाहनाची, दुसरी वाहनाच्या आत शरीराची आणि तिसरी शरीराच्या आत अवयवांची. तिसरी धडक बाहेरून दिसत नाही. मराठीतला ‘मुका मार’ हा शब्द तिला चपखल बसतो : कातडीवर ओरखडाही नसतो आणि आत रक्तस्राव चालू असतो.

समोरासमोरची धडक साधारण एक दशांश सेकंदात, पापणी लवते न लवते तोच संपते. बंपर चेपू लागतो तेव्हा बेल्ट न लावलेला प्रवासी गाडीच्या मूळ वेगानेच पुढे जात असतो. गाडी थांबत आलेली असताना त्याचे गुडघे डॅशबोर्डवर, छाती स्टिअरिंगवर आणि डोके काचेवर आदळते. गुडघ्यावरचा मार मांडीच्या हाडातून वर चढतो. कधी ते हाड मोडते, तर कधी खुब्याच्या खोबणीतून मागे निखळते. मांडीवरच्या मुलाला आपण घट्ट धरून ठेवू, हा विश्वास येथे खोटा ठरतो. मंदन (वेग कमी होण्याचा दर) गुरुत्वाकर्षणाच्या २० पट असेल, तर १० किग्रॅ.चे मूल हातांना २०० किग्रॅ.चे लागते. कोणत्याही आईबापांच्या हातात तेवढे बळ नसते, म्हणून मुलांसाठी वेगळे आसन लागते.

छातीच्या फासळ्या प्रत्येकी दोन ठिकाणी मोडल्या, तर तेवढा भाग सुटा होतो. श्वास घेताना छाती फुगते आणि हा तुकडा मात्र आत ओढला जातो. हृदयातून निघणाऱ्या सर्वांत मोठ्या रक्तवाहिनीची, महाधमनीची, इजा त्याहून घातक. हृदय आणि महाधमनीची कमान काहीशी मोकळी असते, त्यापुढचा भाग पाठीच्या कण्याला धरून असतो. मोकळा भाग पुढे झेपावला की हे दोन भाग जुळतात त्या जागी धमनी फाटते आणि बहुतेक वेळा मृत्यू जागच्या जागीच होतो. पोटात यकृत आणि प्लीहा (पाणथरी) चिरतात. बेल्टचा खालचा पट्टा कमरेच्या हाडांवर बसायला हवा. तो वर पोटावर सरकला, तर आतडी आणि कमरेचे मणके यांनाच इजा करतो.

मेंदू कवटीत द्रवावर तरंगत असतो. कवटी थांबते, मेंदू पुढे जाऊन तिच्यावर आपटतो आणि कधी विरुद्ध बाजूलाही चेचला जातो. त्याहून वाईट म्हणजे डोक्याला बसणारा पिळा. त्यात मेंदूच्या पृष्ठभागावरून आवरणाकडे जाणाऱ्या बारीक शिरा तुटतात, आतले चेतातंतू ताणले जाऊन निकामी होतात. अशा वेळी स्कॅन जवळपास स्वच्छ दिसतो, पण रुग्ण शुद्धीवर येत नाही. दाराशी बसलेल्या नातेवाइकांना हे समजावणे फार कठीण असते. हेल्मेटमधला फोम स्वतः चेपून डोक्याला थांबायला दोन-तीन सेंमी. मिळवून देतो. एकदा चेपलेला फोम पुन्हा फुगत नाही. मोठा मार बसलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी बदलायलाच हवे.

मागून धडक बसली की आसन धडाला पुढे ढकलते आणि डोके क्षणभर मागेच राहते. त्यात मान मुरगळते. बाजूच्या धडकेत दार आणि प्रवासी यांच्यात वीतभरही जागा नसते, त्यामुळे त्या बाजूच्या फासळ्या आणि कटीचे हाड मोडते. पादचाऱ्याचे हाल सर्वांत वाईट, कारण त्याच्याभोवती चेपायला काहीच नाही. बंपर पायांना लागतो, कंबर बोनेटवर येते, डोके काचेवर आणि मग शरीर रस्त्यावर. लहान मुलाच्या बाबतीत तोच बंपर थेट मांडीला किंवा धडाला लागतो.

हे ज्ञान जीव धोक्यात घालून मिळवलेले आहे. पहिल्या महायुद्धात वैमानिकाचे शिक्षण घेताना ह्यू डी हेवन विमान अपघातातून वाचले. पुढे त्यांनी उंचावरून पडूनही जगलेल्यांचा अभ्यास करून तो १९४२ मध्ये प्रसिद्ध केला. अमेरिकी हवाई दलातील डॉक्टर जॉन पॉल स्टॅप १९५४ मध्ये रॉकेटने ढकललेल्या घसरगाडीवर स्वतः बसले. ताशी सुमारे १,००० किमी. वेगावरून ती सेकंद-दीड सेकंदात थांबली. त्यांच्या डोळ्यांत रक्त उतरले, पण ते जगले. नीट बांधलेले शरीर केवढा ताण सोसते, ते तेव्हा कळले. १९५९ मध्ये व्होल्वोचे अभियंता निल्स बोलिन यांनी खांदा आणि कंबर दोन्ही धरणारा तीन बिंदूंचा सीटबेल्ट आणला आणि कंपनीने त्याचे पेटंट इतर उत्पादकांनाही खुले केले. तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये रस्त्यांवर सुमारे ११.९ लाख माणसे दगावली.

मुका मार ओळखण्यासाठी तातडीच्या कक्षातले डॉक्टर म्हणूनच गाडीचीही चौकशी करतात : स्टिअरिंग वाकले होते का, काचेला जाळे पडले होते का, रुग्ण कुठे बसला होता, बेल्ट होता का. चालत-बोलत आलेल्या माणसाच्या छातीवर बेल्टचा तिरका वळ दिसला, तर त्याला लगेच घरी पाठवत नाहीत. फाटलेली प्लीहा काही तास, कधी काही दिवसही, गप्प राहू शकते.