विमान प्रवासातील लिथियम बॅटऱ्या

मोबाईल, लॅपटॉप, पॉवर बँक यांतील लिथियम-आयन बॅटरी पेट घेण्याचा विमान प्रवासातील धोका आणि त्यावरील निर्बंध. दाब, आदळणे, अतिभार किंवा निर्मितीदोष यांमुळे बॅटरीच्या घटातील (सेलमधील) दोन अग्रांमधला पातळ पडदा निकामी झाला, तर आतल्या आत शॉर्ट सर्किट होते. तापलेल्या रसायनांच्या विघटनातून आणखी उष्णता व ज्वालाग्राही वायू सुटतात आणि शेजारचे घटही पेटतात. या स्वयंपोषी क्रियेस थर्मल रनअवे म्हणतात.

बॅटरीमुळे आग लागल्याचे सिद्ध करणे कठीण असते, कारण पुरावाच जळतो. फिलाडेल्फिया येथील मालवाहू विमानाच्या आगीत (२००६) लॅपटॉप बॅटऱ्यांवर संशय होता. मात्र अमेरिकी तपास यंत्रणेने कारण अनिश्चित ठरवले. दुबईजवळील बोइंग ७४७ च्या अपघातात (३ सप्टेंबर २०१०) दोन्ही वैमानिक दगावले. तेथील चौकशीचा रोख बॅटऱ्या असलेल्या मालाकडे अधिक स्पष्ट आहे.

उपकरण केबिनमध्ये असावे की मालकक्षात, हा वाद २०१७ मध्ये चिघळला. स्फोटकांच्या भीतीने अमेरिका व ब्रिटनने मध्यपूर्वेतील काही विमानतळांवरून येणाऱ्या विमानांच्या केबिनमध्ये लॅपटॉपला बंदी केली आणि ते खाली मालकक्षात गेले. मालकक्षात हॅलॉन वायूने आग दडपतात. हा वायू ज्वालेची रासायनिक साखळी तोडतो, पण घटाची उष्णता काढून घेत नाही. त्याच वर्षी अमेरिकी हवाई प्रशासनाने बॅगेतील लॅपटॉपशेजारी ड्राय शॅम्पूचा एरोसोल डबा ठेवून बॅटरी मुद्दाम तापवली, तेव्हा मिनिटभराच्या आत स्फोट झाला. स्फोटाने कक्षाला हानी पोचली तर हॅलॉनही निसटू शकतो. केबिनमधला धूर निदान लगेच दिसतो व घट पाण्याने थंड करता येतो. त्यामुळे उपकरण जवळ ठेवण्याचा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. लॅपटॉपबंदी काही महिन्यांतच उठली.

सुटी बॅटरी व पॉवर बँक चेक-इन सामानात चालत नाहीत. बॅटरीची सर्वसाधारण मर्यादा १०० वॉट-तास (साठणाऱ्या ऊर्जेचे माप); १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. ३.७ व्होल्टची २०,००० मिलिअँपिअर-तासांची पॉवर बँक ७४ वॉट-तासांची भरते. चेक-इन बॅगेतील लॅपटॉप पूर्ण बंद हवा, नुसता स्लीपवर नव्हे.

सप्टेंबर २०१६ मध्ये सिंगापूर–चेन्नई विमानात डोक्यावरच्या कप्प्यातील जुन्या मोबाईलमधून धूर निघाला. कर्मचाऱ्यांनी तो पाण्यात बुडवून ठेवला. सीटच्या फटीत फोन अडकल्यास सीट मागेपुढे करू नये, अशी सूचना अनेक कंपन्या देतात, कारण यंत्रणेत चिरडलेला घट पेटू शकतो.